जू एकाचं, नांगर दुसऱ्याचा

गावच्या आमच्या गोठ्यात आढ्याखाली एक लाकडी नांगर अडकवून ठेवलाय. दारात ट्रॅक्टर आला तसा तो वर गेला, तो गेलाच. शेजारी खुंटीला जू आहे; त्याच्या शिवळा कुणी चुलीत घातल्या देव जाणे. औत म्हणून बघितलं तर ही सगळी एकच वस्तू. जू बैलांच्या मानेवर, फाळ मातीत, मधे इसाड. नावांकडे बघायला लागलं की मात्र ती सुटी व्हायला लागते.

'जू' आलं संस्कृत 'युग'वरून. त्याचे सख्खे भाऊ लॅटिनमध्ये 'युगुम' आणि इंग्रजीत 'योक'. म्हणजे हे नातं थेट युरोपात जातं. 'नांगर' आला 'लांगल'वरून. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात 'शुनं कृषतु लाङ्गलम्' असं म्हटलंय, तेव्हा शब्द चांगलाच जुना. पण युरोपात त्याला कुणी विचारत नाही. त्याची भावकी पूर्वेला: कंबोडियाच्या ख्मेर भाषेत नांगर म्हणजे 'अंगकाल', मलयमध्ये 'तेंगाला'. आणि एवढं करून त्या औताच्या रानात जी पेरायची, ती ज्वारी मूळची सुदानकडची.

शाळेच्या नकाशात जाड तांबडे बाण असायचे. अमुक लोक इथून निघाले, तिथं पोचले, जाताना भाषा, शेती, भांडी, देव सगळं गाडीत भरून घेऊन गेले. बाण सोपा असतो, म्हणून डोक्यात पक्का बसतो. खरं तर माणूस, बियाणं आणि शब्द हे तीन वेगळे प्रवासी. कधी तिघं एकाच गाडीत असतात, कधी प्रत्येकाची वाट निराळी. कुठं काय घडलं ते त्या त्या ठिकाणी नव्यानं तपासावं लागतं.

तपासायचं कसं, तर तिघांची साक्ष वेगवेगळी काढून. बियाण्याची साक्ष चुलीत मिळते. जुन्या वस्तीची माती पाण्यात टाकून ढवळली की माती तळाला बसते आणि करपून कोळसा झालेले दाणे हलके असल्यानं वर तरंगतात. चांगला दाणा केव्हाच कुजून जातो, करपलेला हजारो वर्षं राहतो. कुणाचं तरी चुलीकडे दुर्लक्ष झालं, त्यावर आज हे शास्त्र उभं आहे! मग दाणा जिथून कणसाला चिकटलेला होता ती जागा सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रानटी गहू पिकला की आपोआप झडतो, त्यामुळे त्याचा व्रण गुळगुळीत असतो. माणसानं पिढ्यानपिढ्या जो दाणा कणसात टिकला तोच घरी आणला आणि पुढच्या वर्षी पेरला. असा माणसाळलेला गहू मळणीशिवाय सुटत नाही, म्हणून त्याचा व्रण फाटका, खरबरीत. त्या एका व्रणावरून वेचून आणलेलं धान्य कुठलं आणि पिकवलेलं कुठलं ते कळतं.

माणसाची साक्ष हाडांतल्या डीएनएत. आतल्या कानाभोवतीचं घट्ट हाड त्यासाठी सर्वांत उपयोगी पडतं. शब्दांची साक्ष जरा चलाख असते, कारण शब्द वारशानं येतो तसा उसनाही येतो. 'बटाटा' घ्या. पीक दक्षिण अमेरिकेतलं, नाव कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचं (तेही मुळात रताळ्याचं), आणि आणणारे पोर्तुगीज. ते आले मूठभर. बटाटा घराघरांत शिरला, म्हणून काही मराठी माणूस पोर्तुगीज बोलायला लागला नाही. हे गेल्या चारपाचशे वर्षांतलं, कागदोपत्री असलेलं. असंच चार हजार वर्षांपूर्वी घडलं असेल तर आपल्या हाती उरतो नुसता शब्द आणि करपलेला दाणा.

माणसं खरोखरच चालत गेली, असं एक मोठं उदाहरण युरोपचं आहे. भूमध्य समुद्राचा पूर्व किनारा, सीरिया, आग्नेय तुर्कस्तान, इराक आणि इराणचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग या पट्ट्याला सुपीक चंद्रकोर म्हणतात. तिथं दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी गहू, जव, मसूर, वाटाणा, हरभरा, जवस ही पिकं माणसाच्या हाताखाली आली. आपल्याकडे सातारा-सांगलीत पिकणारा खपली गहू याच पहिल्या फळीतला. मळला तरी त्याची खपली सुटत नाही, कांडावा लागतो, म्हणून ते नाव. तिथून शेती युरोपात शिरली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुरातत्त्वज्ञ अल्बर्ट अमरमन आणि जनुकशास्त्रज्ञ लुका कावाल्ली-स्फोर्झा यांनी जुन्या वस्त्यांचे काळ नकाशावर मांडले, तेव्हा शेती सरासरी वर्षाला एक किलोमीटर पुढं सरकल्याचं दिसलं.

वर्षाला एक किलोमीटर ही काही स्वारी म्हणता येत नाही. थोरला बापाच्या शेतावर राहिला, धाकट्यानं ओढ्यापलीकडचं रान मोडलं, त्याच्या धाकट्यानं टेकडीआडचं. आपण स्थलांतर करतोय असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नसेल. पण शेतकऱ्याच्या घरी पोरं जास्त जगायची आणि शिकाऱ्यांपेक्षा त्याला जागा कमी लागायची, म्हणून या वाटण्या होत होत इ.स.पू. ४०००च्या सुमारास शेती ब्रिटनला टेकली. मधे बरीच वर्षं वाद होता: शेतकरी सरकले, की शेजारच्यांचं बघून शिकारी शेती शिकले? प्राचीन डीएनएनं कौल बराचसा शेतकऱ्यांच्या बाजूनं दिला. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेला, सव्वापाच हजार वर्षांपूर्वीचा 'ओत्झी' प्रसिद्ध आहे. त्याच्या पोटात शेवटच्या जेवणातला गहू आणि रानबोकडाचं मांस होतं, आणि त्याच्या वंशाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग तुर्कस्तानातून आलेल्या शेतकऱ्यांचा निघाला.

इथपर्यंत बाण बरोबर. गंमत पुढं आहे. पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू यांनी १९८७ मध्ये मांडलं होतं की संस्कृत, ग्रीक, लॅटिन ज्या कुळातल्या, ती इंडो-युरोपीय भाषा या शेतकऱ्यांबरोबरच पसरली. डीएनएनं ही जोडी फोडली. इ.स.पू. ३०००च्या आसपास काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानातून गुरं राखणारे, गाड्या घेऊन हिंडणारे लोक युरोपात उतरले. ही लाट एवढी मोठी होती, की ब्रिटनमध्ये इ.स.पू. २५००नंतर काही शतकांतच जवळजवळ नव्वद टक्के वंश बदलला. युरोपातल्या आजच्या बहुतेक भाषा या दुसऱ्या लाटेबरोबर आल्या, असं आता बहुसंख्य अभ्यासक मानतात. शेती एकानं आणली, भाषा दुसऱ्यानं.

आणि लगेच अपवादही हजर. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क लोकांच्या बापाकडच्या वंशरेषा बहुतेक याच मैदानी लोकांच्या आहेत, भाषा मात्र त्या कुळाशी काडीचंही नातं नसलेली जुनीच राहिली. कदाचित पोरं आईची भाषा बोलली.

पॅसिफिक महासागरातल्या वानुआतू बेटांची कथा त्याहून सरस. तीन हजार वर्षांपूर्वी तिथं आलेले पहिले वसाहतवाले तैवान-फिलिपिन्सकडचे. पाचाला 'लिमा' म्हणणाऱ्या ज्या भाषा मलेशियापासून हवाईपर्यंत पसरल्या, त्यांतली एक ते बोलत. नंतर न्यू गिनीच्या बाजूनं दुसरे लोक येत राहिले आणि काही शतकांत बेटांवरचा वंश बहुतेक त्यांचाच झाला. भाषा मात्र आधीच्यांचीच टिकली. घर तेच, दारावरची पाटी तीच, आत राहणारे बदललेले. त्याच समुद्रात रताळ्याचं उदाहरण याच्या उलटं. पीक दक्षिण अमेरिकेचं, पण युरोपची जहाजं पोचायच्या आधीच पॉलिनेशियात पिकत होतं आणि नाव 'कुमारा', जे अँडीजकडच्या जुन्या नावांशी जुळतं. पॉलिनेशियन लोकांत अमेरिकन वंशाचा छोटासा अंश आहे, तो इ.स. १२००च्या आसपासच्या भेटीतला. थोडी माणसं, एक कंद, एक शब्द.

तिघं एकाच गाडीतून गेल्याचं उदाहरण हवंच असेल तर आफ्रिकेतलं बांटू. नायजेरिया-कॅमेरूनच्या सीमेवरून चार-पाच हजार वर्षांपूर्वी निघालेले शेतकरी निम्म्या खंडावर पसरले. आज त्यांच्या पाचशेहून अधिक भाषा आहेत. माणसाला स्वाहिलीत 'म्तू' म्हणतात आणि पार दक्षिणेला झुलूत 'उमुंतू'.

भाषा बदलायला सगळी वस्ती बदलावी लागत नाही. बाजारात, लग्नात, पाटलाच्या ओट्यावर कुठली भाषा चालते यावर ते ठरतं आणि दोन-तीन पिढ्या पुरतात. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, पण बहुतेकांच्या घरात फ्रेंचमधून घडलेली क्रिओल बोलली जाते. पाच हजार वर्षांनी कुणी त्यांची हाडं तपासली तर रक्त सांगेल रत्नागिरी, आणि शिलालेख सांगतील फ्रेंचची चुलत बहीण.

आता आपल्याकडे. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या तोंडाशी मेहरगढ आहे. प्रचलित कालगणनेप्रमाणे इ.स.पू. ७०००च्या सुमाराला तिथं जव आणि गहू पिकत होता, वशिंडाची गुरं पाळली जात होती. पिकं पश्चिमेकडची, मग पेरणारेही तिकडचेच असणार, असं बरीच वर्षं धरून चाललेलं. २०१९ मध्ये हरियाणातल्या राखीगढीच्या एका बाईचा डीएनए प्रसिद्ध झाला. हे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांचं. एकसष्ट नमुने तपासले, त्यांतल्या एकाच सांगाड्यानं दाद दिली. उष्ण, दमट मातीत डीएनए टिकत नाही, हे आपल्याकडचं कायमचं दुखणं. सिंधू संस्कृतीतल्या या बाईत इराणी मुळाचा मोठा अंश निघाला, पण तो इराणच्या शेतकऱ्यांपासून शेती सुरू व्हायच्या आधीच वेगळा झालेला होता. म्हणजे इराणच्या शेतकऱ्यांचे लोंढे इकडे आले असं यावरून तरी म्हणता येत नाही. बियाणं आणि कसब हातोहात आलं असावं, पेरणारे आधीपासून इथलेच. गवताळ मैदानातल्या लोकांचा अंश तिच्यात अजिबात नव्हता. तो उपखंडात इ.स.पू. २००० ते १५००च्या दरम्यान आला, असं त्याच वेळी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात दिसलं. दोन्ही शोध एकाच आठवड्यात आले आणि वर्तमानपत्रांनी ज्याला जो आवडला त्याचा मथळा केला. सलग वाचले तर त्यांच्यात भांडण नाही.

सिंधूच्या खोऱ्यातून गहू दख्खनेत यायला मात्र फार वेळ लागला, आणि त्याचं कारण पाऊस. पश्चिम आशियात पाऊस हिवाळ्यात पडतो. गहू, जव त्या पावसाची पिकं. आपल्याकडे पाऊस मृगात सुरू होतो आणि दसऱ्याला आटपतो. अशा ठिकाणी गहू घ्यायचा तर जमिनीनं ओल धरून ठेवायला हवी. काळी कसदार जमीन ते करते, म्हणून इथं रब्बी जमली. दक्षिणेनं मात्र वाट बघितली नाही. कर्नाटक-आंध्रात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच इथल्याच रानातली बारीक तृणधान्यं, मूग आणि हुलगा पावसावर पिकत होते. त्या गुराख्यांनी शेणाचे ढीग जाळून केलेल्या राखेच्या टेकड्या बेळ्ळारीच्या बाजूला आजही दिसतात. तुमच्या ताटातलं कुळथाचं पिठलं कुठूनही आलेलं नाही, ते इथलं. नावही तसंच: 'कुलत्थ' हा शब्द द्राविडी 'कोळ्'वरून संस्कृतात गेला असावा.

हे दोन प्रवाह मिसळलेले बघायचे तर शिरूर तालुक्यात घोड नदीवरचं इनामगाव. १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजनं ते खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची वस्ती. सुरुवातीला नर्मदेच्या बाजूची माळवा संस्कृती, मग संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून जिचं नाव पडलं ती जोर्वे संस्कृती. मुख्य पीक जव, त्याबरोबर गहू, मसूर आणि हुलगाही. म्हणजे धान्य वरून, कडधान्य वरून आणि खालून दोन्हीकडून. नदीचं पाणी वळवायला पाट. एका रांजणावर बैलगाडी चितारलेली. मेलेलं मूल घरातल्याच जमिनीखाली पुरायचे, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि मूल त्यांच्या पोटात. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखाली पाय तोडायचे; गेलेल्यानं उठून परत येऊ नये म्हणून, असा अंदाज. पाण्याचे चांगले दिवस इ.स.पू. १०००च्या सुमाराला सरले. चौकोनी घरं गेली, गोल झोपड्या आल्या, शेती आटली आणि शिकार वाढली. शेती एकदा शिकली की माणूस पुढंच जातो, असं काही नसतं.

ज्वारी, बाजरी आणि नाचणी यांचा उगम आफ्रिकेत. ज्वारी पूर्व सुदानातली. तिथं ती पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाळत होती. बाजरी सहाराच्या दक्षिणेची, नाचणी इथिओपिया-युगांडाच्या डोंगरांतली. ढोबळमानानं चार हजार वर्षांपूर्वीपासून त्या अरबी समुद्राच्या कडेकडेनं इकडे आल्या. त्यांच्याबरोबर आफ्रिकेतून मोठ्या संख्येनं माणसं आल्याची खूण इथल्या डीएनएत नाही, भाषेतही नाही. किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरणारे नावाडी असतील, एकेका बंदरात मूठभर दाणे देत-घेत आलेले. परतफेड म्हणून आपला वशिंडाचा बैल तिकडे गेला. आफ्रिकेतल्या गुरांत त्याचा अंश भरपूर आहे. आणि पावसाळी पीक मिळाल्यामुळे कोरडवाहू दख्खन भरली. या पाहुणीला नावही इथलं मिळालं. 'ज्वारी' हे 'यव'वरून, म्हणजे जवावरून घडलं, असं व्युत्पत्ती सांगणारे मानतात. 'यव' हा त्या गवताळ मैदानाकडून आलेला शब्द. लिथुआनियात धान्याला आजही 'यवाय' म्हणतात. आफ्रिकेच्या दाण्याला मैदानी नाव, आणि भाकरी आपली.

नांगराचं कोडं उरलं. तो शब्द ख्मेरच्या ज्या कुळाकडे बोट दाखवतो, त्यातल्याच मुंडा भाषा मध्य आणि पूर्व भारतात बोलल्या जातात. हे लोक आग्नेय आशियातून सुमारे चार हजार वर्षांपूर्वी आले. गंमत म्हणजे त्यांच्या बापाकडच्या वंशरेषा बऱ्याचशा तिकडच्या, आईकडच्या जवळजवळ सगळ्या भारतातल्या. म्हणजे आले ते मुख्यतः पुरुष, लग्नं इथं केली आणि भाषा टिकवली. बास्कांच्या बरोबर उलट. या कुळाचं पश्चिमेचं टोक आपल्या मेळघाटात आहे: कोरकू. मैदानी लोकांनी आपल्याबरोबर चाक, आस, जू हे गाडीचे शब्द आणले. नांगरटीसाठी युरोपीय भाषांत 'अर'वरून झालेले शब्द आहेत, लॅटिनमध्ये नांगर म्हणजे 'अरात्रुम', पण संस्कृतात त्याचा पत्ता नाही. वाटेत कुठंतरी तो शब्द गळाला आणि शेत नांगरणाऱ्यांकडून त्यांनी 'लांगल' घेतला. गाडीवाल्यानं शेती शेजाऱ्याकडून शिकावी, तसं. १९७९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मासिका यांनी हिंदीतले शेतीचे शब्द चाळले, तर सुमारे ३१ टक्के शब्दांचं मूळ संस्कृत, द्राविडी, मुंडा, फारसी कशातच लागेना. ज्यांच्याकडून ते घेतले, त्यांची भाषा संपली.

मराठीतही असे सांधे आहेत. ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही', हा फरक हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, संस्कृतात नाही. तमिळमध्ये आहे, तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु' असा आहे. (मुंडा भाषांतही आहे, पण दख्खनेत शेजार द्राविडीचा दाट.) डोंबिवली, कांदिवली, बोरिवलीतला 'वली' म्हणजे द्राविडी 'पळ्ळी', गाव, असं भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांनी दाखवलं. आणि मामाची मुलगी! उत्तरेत ती सख्ख्या बहिणीसारखी, लग्नाचं नावही काढायचं नाही. आपल्याकडे अनेक समाजांत तिच्यावर पहिला हक्क भाच्याचा. इरावती कर्वे यांनी नात्यांचा नकाशा मांडताना महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिणेच्या मधल्या पट्ट्यात धरला तो यामुळेच. बोली बदलली, सोयरीक जुनीच राहिली.

मेळघाट उतरून बुलढाण्याकडे आलं की जळगाव-जामोदच्या आसपास निहाली बोलणारे दोन-अडीच हजार लोक भेटतात. त्यांच्या बोलण्यात कोरकू आणि मराठी शब्द इतके आहेत, की आधी लोकांना ती कोरकूचीच बोली वाटली. त्यांनी मोजायला सुरुवात केली की 'एक' त्यांचा स्वतःचा असतो, दोन ते चार द्राविडी वळणाचे, आणि पाचापासून पुढं आपले, मराठी-हिंदीचे. हे सगळे उसने शब्द बाजूला काढले तरी तळाशी काही शब्द उरतात, ज्यांचं जगातल्या कुठल्याही भाषेशी नातं लागत नाही.